अंधारात बसण्याचे काम

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत स्वतःच्या बुद्धीने अर्ज लिहिणारे आम्ही आता फार थोडे उरलो आहोत. बाकीचे संगणकातून तयार नमुना काढतात, त्यात पक्षकाराचे नाव बसवतात आणि वडिलांच्या नावाच्या जागी आधीच्या पक्षकाराच्या वडिलांचे नाव तसेच राहू देतात. अशांनाही लोक 'रायटर' म्हणतात. मला लोक वकीलसाहेब म्हणतात. त्यांना दुरुस्त करण्यात मी वेळ घालवत नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'जमिनीच्या भानगडींचे खुमासदार किस्से' मागितले. वाटणी, बांध कोरणे, वारसनोंद यांवर दर दिवाळीला कोणीतरी लिहितेच, आणि लिहिणाऱ्याने बहुधा सातबारा दुरूनच पाहिलेला असतो. त्या गर्दीत मी शिरणार नाही. मी विमानातील दिव्यांविषयी लिहिणार आहे. मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या, नववीनंतर शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचा विमानाशी काय संबंध, असे एका पदवीधराने मला तोंडावर विचारले होते. तो पदवीधर हल्ली माझ्याच अर्जांच्या झेरॉक्स काढून देतो. संबंध काय तो आता त्याला पाठ झाला असेल.

प्रथम माझा व्यवसाय सांगतो, कारण तो बाहेरच्यांना वाटतो तसा नाही. अर्जाचे तीन भाग असतात. अर्जदार कोण, झाले काय, आणि मागणे काय. शिकलेल्या माणसाचा अर्ज मधल्या भागात मरतो. तिथे तो आपला संताप, आपले शिक्षण आणि मेहुण्याची ओळख असे सगळे कोंबतो. वाचणाऱ्या साहेबाची नजर कागदावर क्षणभरच टिकते, ती कुठे पडणार हे आधी ठरवावे लागते. मी मागणे नेहमी स्वतंत्र परिच्छेदात लिहितो, त्याच्या वर बोटभर जागा कोरी सोडतो, आणि अधोरेखित एकच गोष्ट करतो. सगळेच अधोरेखित केले तर काहीच अधोरेखित होत नाही. ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही. पुढे समजले की विमानाची उपकरणे बनवणारे हीच गोष्ट मोठ्या पगारावर करतात.

उजेडासंबंधीचा माझा पहिला अर्ज सापगावच्या बाजूच्या एका शेतकऱ्यासाठी होता. रस्त्याच्या वळणावर उंच खांबावर मोठा दिवा बसवला होता आणि त्याचा झोत रात्रभर या माणसाच्या खाचरात पडत असे. तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "दिवा माझ्या भाताला झोपू देत नाय." दिवा लावणाऱ्या कार्यालयात त्याने हेच सांगितले होते आणि तिथे त्याला हसून परत पाठवले होते. एका कनिष्ठ साहेबाने तर विचारले होते की भात उशी घेऊन झोपते काय.

मी हसलो नाही. मी खाचरात जाऊन उभा राहिलो. आजूबाजूचे भात निसवून लोंब्या वाकल्या होत्या, आणि दिव्याखालचा गोल तुकडा मात्र हिरवागार, एकही लोंबी नाही, जणू आषाढ चालू आहे. भाताला लांब रात्र मिळाली नाही तर ते निसवत नाही, एवढे ज्ञान त्या कार्यालयातील एकाही पदवीत नव्हते. मी अर्जात लिहिले की साहेबांनी जागेवर यावे आणि हिरवा गोल कोठे संपतो ते पाहावे. साहेब आले, त्यांनी पाहिले, आणि दिव्यावर पत्र्याची झापड बसली. दिलगिरीचा शब्द आला नाही. सरकारी खात्याची समजूत अशी, की उजेड दिला म्हणजे उपकारच झाला.

उजेड जास्त झाल्याने बिघडते अशी वस्तू जगात असते, हे त्या अर्जाने मला कळले होते. म्हणूनच कुसुमचे म्हणणे मी शेवटपर्यंत ऐकून घेतले. दुसरा कोणी असता तर पहिल्या वाक्यालाच त्याने तिला उठवले असते.

कुसुम म्हसा गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना विमानांची आणि हेलिकॉप्टरांची दिव्यांची पॅनेले बनवतो. वैमानिकासमोर बटणांच्या आणि अक्षरांच्या ज्या पाट्या असतात, आतून उजळणाऱ्या, त्या. कुसुम तिथे तपासणीला होती. तिने माझ्या टेबलावर इंग्रजी आरोपपत्र ठेवले. इंग्रजी मी कामापुरते वाचतो.

"काय केलंस?" मी विचारले.

"झोपले."

"कुठे?"

"कामावर. खुर्चीत बसल्या बसल्या."

"आणि?"

"आणि काय. नव्या सायबानी फोटो काढला."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? कामावर झोपणाऱ्याला कोणीही काढेल."

"भाऊ, आमचं कामच अंधारात बसायचं हाय," ती म्हणाली. "आधी अर्धा तास गप बसायचं, मग बघायचं. बसताना झोपले तं काय बिघडलं? डोळं तं मिटलेलंच व्हतं ना."

तिच्या बोलण्यात एक चीड आणणारा थंडपणा होता. माझ्यासमोर बसणारी माणसे सहसा रडतात, निदान आवाज खाली घेतात. ही बाई असे बोलत होती की जणू चूक माझीच आहे आणि ती मला दुरुस्तीची संधी देत आहे.

मी तिच्या शब्दावर विसंबलो नाही. त्या कारखान्यात पॅनेलांचे आरेखन करणारे सबनीस नावाचे गृहस्थ आहेत, निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांना मी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात गाठले. विद्वान माणूस आहे, पण वाक्य सुरू केले की ते कुठे संपणार याचा अंदाज त्यांना स्वतःलाही नसतो. दोन चहा संपेपर्यंत त्यांनी जे सांगितले ते मी चार ओळींत सांगू शकतो, आणि सांगतो.

पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीवर आधी पांढरा आणि त्यावर काळा रंग देतात, आणि अक्षरांपुरता वरचा काळा रंग कोरून काढतात. दिवसा अक्षरे पांढरी दिसतात, रात्री मागच्या दिव्याने उजळतात. रात्री वैमानिकाला बाहेरचा काळोख पाहायचा असतो, म्हणून आतला उजेड शक्य तितका मंद आणि सगळीकडे सारखा हवा. एक अक्षर शेजारच्याहून जास्त उजळले तर थकलेली नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते. काळ्या रंगाला सुईएवढे भोक राहिले तर तेवढ्यातून आलेला उजेड समोरच्या काचेत उमटतो, आणि बाहेर दुसरे विमान आहे की काय असे वाटते. लाल दिवा म्हणजे आत्ता हात घाल, पिवळा म्हणजे लक्ष ठेव, हिरवा म्हणजे ठीक. म्हणून लाल रंग इतरत्र शोभेसाठी वापरायचा नाही.

"एकंदरीत काय," सबनीस म्हणाले, "की यंत्रासमोरचा माणूस थकलेला आहे, घाबरलेला आहे आणि घाईत आहे, असंच आम्ही धरून चालतो."

मला त्या लोकांचा हेवा वाटला. आमच्या कचेरीतला कोणताही नमुना घ्या. तो भरणारा माणूस निवांत आहे, चष्मा सोबत आणलेला आहे आणि स्वतः नायब तहसीलदार आहे, असे धरून तो छापलेला असतो.

मग मी सबनीसांना मुद्द्याचे विचारले. "अंधारात अर्धा तास बसण्याचे कारण काय?"

"उजेडातून आलेल्या डोळ्याला मंद दिव्यातली खोट दिसत नाही. डोळा तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो."

"डोळे मिटलेले चालतात?"

"मिटलेले, उघडे, काहीही. अंधार हवा."

"झोपलेले?"

सबनीसांनी बशीत उरलेला चहा पाहिला. "डोळ्याला फरक पडत नाही," ते म्हणाले. "पण असं कुठं लिहून दिलेलं नाही."

"आणि मध्येच कोणी उजेड केला तर?"

"तर सगळं पहिल्यापासून."

आता घडले काय ते सांगतो. कारखान्यात शहरातून नवे कार्मिक अधिकारी आले होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना छापून येण्याची हौस आहे, असे माझ्या लक्षात आले आहे. त्यांना कोणीतरी सांगितले की मागच्या खोलीत तीन बायका रोज फुकट बसतात. त्यांनी अंधारखोलीचे दार उघडले आणि मोबाईलच्या झगझगीत उजेडात फोटो काढला. तिघींच्याही डोळ्यांची तयारी वाया गेली. बाहेर मालाची गाडी उभी होती. सुपरवायझर म्हणाला, झाला ना फोटो काढून, आता खोका तपासून द्या. दोघी घाबरून कामाला लागल्या. कुसुम म्हणाली, "दिसत नाय तं बघू काय?" आणि खुर्चीतून उठली नाही. तिला तेव्हाच घरी पाठवले. आरोप एक, झोपणे. आरोप दोन, हुकूम न मानणे.

एवढ्यावर प्रकरण साधे होते. मी कागद पुढे ओढला आणि तिला वाचून दाखवले, "अर्जदार ही डोळे मिटून कर्तव्य बजावत असताना, सदर अधिकाऱ्याने द्वेषबुद्धीने..."

"झोपले व्हते असं लिवा."

"कुसुम, अर्जात कबुली द्यायची नसते."

"मंग मी खोटी पडंन ना. फोटोत माझं तोंड उघडं हाय."

मी तिला समजावले की इतक्या वर्षांत माझ्या एकाही पक्षकाराने एकही आरोप मान्य केलेला नाही, ज्याच्या हातात कोयता सापडला होता त्यानेसुद्धा नाही. ती म्हणाली, "त्यांचं त्यांच्यापाशी." शेवटी मी लिहिले की अर्जदारास झोप लागली होती, आणि ती लागू नये असा कोणताही नियम कारखान्याने केलेला नाही. लिहून झाल्यावर ते वाक्य मला बरे वाटले. त्यात एक सरळपणा होता जो माझ्या नेहमीच्या वाक्यांत असत नाही, कारण नेहमी त्याची गरज नसते.

मग मागणे. मी लिहिले की अर्जदारास पूर्ववत कामावर घ्यावे. ती म्हणाली, "आणि तो खोका परत मागवा म्हणून लिवा."

"कोणता खोका?"

"त्या दिशी गेला तो."

"खोका हा तुझा विषय नाही. तुझा विषय नोकरी."

"शिक्का माझा हाय त्याच्यावर," कुसुम म्हणाली.

तपासणी करणाऱ्या प्रत्येक बाईचा स्वतःचा शिक्का असतो, त्यावर तिचा नंबर. जे पॅनेल जिने पाहिले त्याच्या मागे तिचा शिक्का पडतो. कुसुमला घरी पाठवले तेव्हा तिचा शिक्का खणातच राहिला होता. तिच्या वाट्याची पॅनेले सुपरवायझरने न पाहता तिच्याच शिक्क्याने उरकली आणि खोका गाडीत गेला. दुसऱ्या दिवशी सोबतच्या बाईने तिला हे सांगितले.

"उद्या वर आभाळात कायतरी झालं," ती म्हणाली, "तं ते उलटून बघतील. नंबर कोनाचा, तं कुसुमचा. मी बघितलंच नाय ते."

तिला यात फक्त स्वतःच्या नावाचा धोका दिसत होता. मला मात्र माझ्या हातात काय आले आहे ते तत्काळ दिसले. कुसुमने काम नाकारले, असे कारखाना म्हणतो. नाकारले असेल तर पॅनेलांवर तिचा शिक्का कसा? आणि शिक्का तिचाच असेल तर तिने काम केले, मग हुकूम मोडला कोणी? आरोपपत्र आणि शिक्का यांपैकी एक खोटे आहे आणि दोन्ही कारखान्याचेच आहेत. असे प्रकरण माणसाच्या नशिबी क्वचित येते. मी खोक्याची मागणी लिहिली. ती बोटभर कोऱ्या जागेखाली, शेवटी, आणि एकटीच अधोरेखित.

चौकशी कारखान्याच्याच सभागृहात झाली. चौकशी अधिकारी म्हणून कल्याणहून एक वकील आणले होते. सबनीसही हजर होते, साक्षीसाठी. कार्मिक अधिकाऱ्यांनी पहिली हरकत माझ्यावर घेतली. हा माणूस कामगार नाही, वकील नाही, तो इथे कसा. मी म्हणालो की सगळा कारभार इंग्रजीत आहे आणि बाईला वाचणारा-लिहिणारा हवा. मला बसण्याची परवानगी मिळाली, बोलण्याची नाही. मी त्यांना धन्यवाद दिले. बोलणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करता येते. लिहिलेली चिठ्ठी साहेबाला हातात घ्यावीच लागते.

कार्मिक अधिकाऱ्यांनी फोटो दाखवला, मोठा करून, रंगीत. त्यात कुसुमचे तोंड खरोखरच उघडे होते. मी चिठ्ठी सरकवली, 'हा फोटो कोणत्या उजेडात काढला?'

"अर्थात मोबाईलच्या," ते म्हणाले. "तिथं मिट्ट काळोख होता."

दुसरी चिठ्ठी. 'मग तो काळोख कोणी घालवला?'

चौकशी अधिकाऱ्यांना यातले काहीच कळले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. त्यांनी सबनीसांकडे पाहिले. सबनीसांनी एक लांब वाक्य सुरू केले. ते संपेना, तेव्हा मी तिसरी चिठ्ठी दिली. 'साहेबांनी स्वतः बसून पाहावे.'

अशा रीतीने आम्ही पाच माणसे त्या अंधारखोलीत गेलो. चौकशी अधिकारी, कार्मिक अधिकारी, सबनीस, कुसुम आणि मी. दार लावण्याआधी सबनीसांनी टेबलावर एक पॅनेल ठेवले, त्याचे बटण फिरवले आणि विचारले, "दिसतंय काही?"

"बंद आहे," चौकशी अधिकारी म्हणाले.

"बसू या," सबनीस म्हणाले.

दार लागले. मिट्ट काळोख म्हणजे काय ते हल्ली कोणाला ठाऊक नाही. स्वतःचा हात असल्याची खात्री करायला दुसऱ्या हाताने धरावा लागतो. मग एकदम निळसर उजेड झाला आणि गेला. कार्मिक अधिकाऱ्यांच्या मनगटावरचे नव्या तऱ्हेचे घड्याळ हात हलला की आपोआप उजळत होते.

"सायेब," कुसुमचा आवाज आला, "पहिल्यापासून बसावं लागंल आता."

"एवढ्याशा उजेडानं?"

"एवढाशाच बघायचा असतो आमाला."

पुन्हा बसलो. पुन्हा उजेड. त्यांना मच्छर चावला होता म्हणे.

"सायेब, मला झोपले म्हणून काढलंत," कुसुम म्हणाली. "तुमचा हात झोपवा की जरा."

चौकशी अधिकारी हसले. तो दिवसभरातला त्यांचा पहिला मानवी आवाज होता. घड्याळ काढून बाहेर ठेवण्यात आले. अंधारात चिठ्ठी लिहिता येत नाही, म्हणून बंदी असूनही मी तोंडाने म्हणालो, "याची नोंद व्हावी." अंधारात नोंद कोण करणार, असे कार्मिक अधिकारी पुटपुटले, आणि त्यांच्या एकूण युक्तिवादातला तेवढाच मुद्दा मला मान्य होता.

बसलो. काळोख हळूहळू पातळ होतो अशी माझी समजूत होती. तसे काही जाणवत नाही. काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि मग चौकशी अधिकारी म्हणाले, "आता चालू केलंत का?"

टेबलावर अक्षरे होती. राखेत उरलेल्या निखाऱ्याइतकी, पण एकेक वाचता येत होती.

"पहिल्यापासून चालूच आहे," सबनीस म्हणाले. त्यांच्या आयुष्यातले ते बहुधा सर्वात आखूड स्पष्टीकरण असावे.

बाहेर येताच मी शिक्क्याची चिठ्ठी दिली. ती वाचून चौकशी अधिकाऱ्यांनी कार्मिक अधिकाऱ्यांना दोनच प्रश्न विचारले. बाईने काम केले की नाही, आणि नसेल तर शिक्का कोणी मारला. कार्मिक अधिकाऱ्यांनी पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'माहिती घेतो' असे उत्तर दिले. त्यानंतर जेवणाची सुट्टी जाहीर झाली. कारखान्यांत अडचण आली की जेवणाची वेळ होते.

सुट्टीत कार्मिक अधिकारी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर स्वतः आले. त्यांचा चहा आत फुकट असतो, म्हणून त्यांचे काम काय ते मला आधीच कळले.

"ताई," ते कुसुमला म्हणाले. आरोपपत्रात ती 'सदर कामगार' होती. "दोन्ही आरोप मागे घेतो. उद्यापासून कामावर या, काही डाग नाही. फक्त त्या खोक्याचं काढून टाका. ग्राहकाला परत मागितला तर कंपनीचं नाव जातं. कंपनीचं नाव म्हणजे तुमचंच ना."

मी तिला बाजूला घेतले. व्यवसायाच्या दृष्टीने सल्ला एकच होता, आणि तो मी दिला. अर्जदाराचे स्वतःचे मागणे पूर्ण मिळत असेल तर उरलेले सोडावे. घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर कधी असतो कधी नसतो. नोकरी हातची गेली तर वसाहतीतला दुसरा कोणताही कारखाना तिला दारात उभी करणार नव्हता. हे सगळे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले.

"नोकरी पायजेच मला," ती म्हणाली. "पण भाऊ, मी तिथं परत बसनार, तोच शिक्का हातात घेनार, आणि तो खोका तिकडं फिरतोय. मंग नवीन पाटीवर शिक्का मारीन तो कशाचा?"

मग ती टपरीकडे वळली आणि कार्मिक अधिकाऱ्यांना म्हणाली, "खोका आणा, सायेब. मंग मी येते."

मला राग आला. जिंकलेले प्रकरण पक्षकाराने स्वतःच्या हाताने परत लढायला लावावे, यासारखा अपमान आमच्या व्यवसायात नाही. त्या रागातच मी जेवणानंतरची चिठ्ठी लिहिली. 'अर्जदारास तडजोड अमान्य.' कार्मिक अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि सांगितले की मग कंपनी दोन्ही आरोप कायम ठेवते.

तेव्हा सबनीस उठले. सकाळपासून त्यांच्या तोंडून त्या खोक्याविषयी एक अक्षर आले नव्हते. शिक्क्याची गोष्ट त्यांना माझ्या चिठ्ठीतूनच प्रथम कळली होती, असे ते नंतर म्हणाले. मी ते मान्य करतो, पण चिठ्ठी आणि जेवण यांच्यामध्ये त्यांच्याकडे पुरेसा वेळ होता. ते म्हणाले की आरेखन विभागाचा प्रमुख या नात्याने माल परत मागवण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि तो ते वापरत आहेत. कार्मिक अधिकारी म्हणाले, "सर, निवृत्तीच्या आधी असं?" सबनीसांनी खिशाला लावलेले पेन काढले आणि उभ्याउभ्याच पत्र लिहिले. अक्षर फार वाईट होते. मी त्यांना मागणे कुठे लिहावे ते दाखवले.

चौकशीचा निष्कर्ष कुसुमच्या बाजूने आला. झोप मान्य, पण झोपेविरुद्ध नियम नाही. हुकूम मोडल्याचे सिद्ध नाही. ती कामावर रुजू झाली. शहाणपण एका निष्कर्षाने येत नसते, म्हणून कार्मिक अधिकाऱ्यांनी पुढची सुधारणा केली. बायका जाग्या आहेत की नाहीत हे पाहायला अंधारखोलीत कॅमेरा बसवला. त्या कॅमेऱ्याला आपण चालू आहोत हे दाखवणारा एक हिरवा दिवा होता. ज्या खोलीत उजेड नको म्हणून भिंती काळ्या केल्या, तिथे त्यांनी पगारी दिवा लावला. कुसुमने कपाळाची टिकली काढून त्यावर चिकटवली. कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाड केल्याबद्दल तिला खुलासा विचारण्यात आला. तो मी लिहिला. टिकली मोठ्या आकाराची असल्याने अर्जदारास अधिकाऱ्यांच्या उजळणाऱ्या घड्याळांसाठीही ती पुरवता येईल, असे एक वाक्य मी त्यात घातले होते, ते सबनीसांच्या विनंतीवरून काढले. आजही मला ते काढल्याचे वाईट वाटते.

काही आठवड्यांनी खोका परत आला. मी कारखान्याच्या गेटवर गेलो नाही, ते माझ्या प्रतिष्ठेला शोभले नसते. पण त्या दिवशी माझ्या टेबलावर माझे लक्ष नव्हते. एका वाटणीच्या अर्जात मी वादीच्या जागी प्रतिवादी लिहिले. मनात एवढेच होते की आत काय निघते. निदान एक तरी पाटी सदोष निघावी, असे मला वाटत होते. हे वाटणे चांगले नाही हे मला कळते, पण माझ्या अर्जाला पुरावा हवा होता.

संध्याकाळी कुसुम आली. शिक्क्याची जांभळी शाई तिच्या अंगठ्याला लागली होती.

"किती खराब निघाल्या?" मी विचारले.

"एक पन नाय. सगळ्या चांगल्या हायेत."

तिच्या मागोमाग कारखान्याचे पत्रही आले. कार्मिक अधिकाऱ्यांनी ते चौकशी अधिकाऱ्यांना लिहून त्याची प्रत मला मुद्दाम पाठवली होती. परत मागवलेला माल संपूर्णपणे निर्दोष आढळला असून सदर मागणी निराधार होती, आणि कंपनीस विनाकारण त्रास झाला, असे त्यात नमूद होते. मी ते कुसुमला मराठीत वाचून दाखवले. मग नवा कागद घेतला. उत्तर देणे भाग होते. तपासणीचे तत्त्व, जबाबदारीचे स्वरूप, शिक्क्याचे पावित्र्य अशा क्रमाने किमान दोन पाने तरी मजकूर माझ्या डोक्यात तयार होता.

"काय लिवताय?"

"उत्तर."

"एवढं?" तिने माझ्या कागदाकडे पाहिले. "त्याला एवढंच सांगा, काय निघालं नाय हे कळायला पन अर्धा तास बसावं लागतं."

मी पेन खाली ठेवले. मग पुन्हा उचलले आणि तिचे वाक्य तिने म्हटले तसेच, 'नाय' आणि 'पन' यांसकट, कागदाच्या मध्यभागी लिहिले. वर-खाली सगळा कागद कोरा. चौकशी अधिकाऱ्यांनी नंतर कळवले की हे उत्तर शुद्ध भाषेत आणि सविस्तर लिहून पाठवावे. मी नकार कळवला. माझ्या टेबलावरून गेलेले सर्वात छोटे उत्तर तेच आहे, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही.